रसायनशास्त्राचे पुढचे नोबेल कोणत्या शोधाला? आणि त्या बातमीवरून औषध बदलावे का?

दरवर्षी सप्टेंबर संपत आला की वर्तमानपत्रांत आणि मोबाईलवर एक ठरावीक बातमी येते: 'यंदाच्या नोबेलच्या शर्यतीत हे शोध.' ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात पुरस्कार जाहीर होतात आणि महिन्याभरात चर्चा विरते. पण येरवड्यातल्या माझ्या दवाखान्यात या बातम्यांचा परिणाम बराच काळ दिसत राहतो, कारण रसायनशास्त्राच्या पुरस्कारासाठी ज्या शोधांची नावे घेतली जातात, त्यांतले बरेचसे औषधांशी संबंधित असतात. मग पेशंट विचारतात, "डॉक्टर, याला नोबेल मिळणार आहे म्हणे. मला का नाही लिहून देत?"

प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे नीट उत्तर मिळाले नाही तर काय होऊ शकते, हे मी गेल्या ऑक्टोबरमध्ये पाहिले. तिथूनच सुरुवात करतो.

एका आईची गोष्ट

जेल रोडच्या मागच्या गल्लीत राहणाऱ्या, साठी ओलांडलेल्या एक काकू. मधुमेह चौदा वर्षांचा. रात्री इन्सुलिन आणि दोन वेळा मेटफॉर्मिन. वजन जास्त, गुडघे दुखतात. मुलगा शिकलेला, आईची काळजी घेणारा. त्याने नोबेलच्या संभाव्य शोधांची एक यादी वाचली. त्यात आठवड्यातून एकदा घ्यायच्या, वजन आणि साखर दोन्ही कमी करणाऱ्या इंजेक्शनचे नाव होते. ज्याला नोबेल मिळू शकते ते औषध शंभर वर्षांपूर्वीच्या इन्सुलिनपेक्षा चांगलेच असणार, असे त्याला वाटले. ओळखीतून चिठ्ठीशिवाय पेन मिळवले. रविवारी पहिले इंजेक्शन दिले आणि त्याच रात्रीपासून इन्सुलिन बंद केले.

मंगळवारी त्याचा फोन आला. "आईला नवीन इंजेक्शन सुरू केलंय, आता उलट्या होताहेत." मी म्हणालो, "या इंजेक्शनने मळमळ होते. थोडं थोडं खायला द्या, उद्या दाखवायला आणा." इन्सुलिन चालू आहे ना, हे मी विचारले नाही. ती माझी चूक.

बुधवारी सकाळी काकू आल्या तेव्हा जीभ कोरडी पडली होती आणि श्वास जोरजोरात चालला होता. बोटातल्या रक्ताची साखर ४६८. लघवीत कीटोन. म्हणजे इन्सुलिनअभावी शरीर चरबी जाळत होते आणि रक्तात आम्ल साठत होते. तातडीने रुग्णालयात पाठवले. दोन दिवस अतिदक्षता विभागात काढून त्या पाचव्या दिवशी घरी आल्या. आज त्या बऱ्या आहेत आणि इन्सुलिन घेतात.

मुलगा मला म्हणाला, "डॉक्टर, एवढे मोठे शास्त्रज्ञ चुकतील का?" शास्त्रज्ञ चुकले नव्हते. औषधही खोटे नव्हते. पण हे इंजेक्शन इन्सुलिनची जागा घेत नाही, हे त्याच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेले असते. नोबेलच्या यादीत ते लिहिलेले नसते.

म्हणून या लेखात दोन गोष्टी पाहू. असे अंदाज कशावरून बांधतात, आणि पेशंटने त्यातून काय घ्यावे, काय घेऊ नये.

रसायनशास्त्राचे नोबेल ठरते कसे?

हा पुरस्कार स्वीडनची रॉयल विज्ञान अकादमी देते. जगभरातल्या निवडक प्राध्यापकांना, आधीच्या विजेत्यांना आणि अकादमीच्या सदस्यांना नावे सुचवण्याचे निमंत्रण जाते. ३१ जानेवारी ही अखेरची तारीख. स्वतःचे नाव स्वतः सुचवता येत नाही. समिती तज्ज्ञांकडून मते मागवते, शिफारस करते, आणि ऑक्टोबरमध्ये अकादमी मतदानाने निर्णय घेते. पुरस्कार १० डिसेंबरला, आल्फ्रेड नोबेल यांच्या स्मृतिदिनी दिला जातो.

तीन नियम लक्षात ठेवा:

- एका पुरस्कारात जास्तीत जास्त तीन व्यक्ती.
- मरणोत्तर पुरस्कार दिला जात नाही.
- कोणाची नावे सुचवली गेली, हे ५० वर्षे गुप्त राहते.

त्यामुळे 'अमुक औषधाला यंदा नोबेलचे नामांकन मिळाले' असे कोणी आजच्या औषधाबद्दल छातीठोकपणे सांगत असेल, तर ते तपासण्याची सोय कोणाकडेच नाही. अशा वाक्याने सुरू होणारी जाहिरात दिसली की तिथेच थांबा.

मग अंदाज कशावरून बांधतात?

अंदाज बांधणारे साधारण चार गोष्टी पाहतात.

पहिली, त्या संशोधनाचा आधार इतर किती शास्त्रज्ञांनी घेतला. शोधनिबंधांचे असे संदर्भ मोजून एक कंपनी २००२ पासून दरवर्षी संभाव्य विजेत्यांची यादी काढते. दुसरी, आधी मिळालेले पुरस्कार. अमेरिकेचा लास्कर, इस्रायलचा वुल्फ, कॅनडाचा गेर्डनर हे मिळालेल्यांपैकी अनेकांना पुढे नोबेल मिळते. तिसरी, शोध तावून सुलाखून निघायला पुरेसा काळ गेला का. चौथी, श्रेय तिघांपर्यंत मर्यादित ठेवता येते का.

२०२५ चे उदाहरण घ्या. धातूचे अणू आणि सेंद्रिय रेणू जोडून अतिसूक्ष्म पोकळ्यांचे पदार्थ बनवता येतात. इमारतीच्या सांगाड्यासारखी रचना, आणि तिच्या खोल्यांत वायू किंवा पाण्याचे रेणू साठवता येतात. या कामासाठी सुसुमू किटागावा, रिचर्ड रॉबसन आणि ओमर यागी यांना नोबेल मिळाले. यांतल्या किटागावा आणि यागी यांची नावे संभाव्य विजेत्यांच्या यादीत २०१० मध्येच आली होती. यागींना २०१८ मध्ये वुल्फ पुरस्कारही मिळाला होता. म्हणजे अंदाज बरोबर ठरला, पण १५ वर्षांनी. आणि ज्यांनी १९८९ मध्ये या कामाची सुरुवात केली, ते रॉबसन त्या यादीत नव्हतेच.

या शोधाचा धागा पुण्यापर्यंत येतो. यागींच्या प्रयोगशाळेत काम करून आलेले राहुल बॅनर्जी यांनी पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत अनेक वर्षे अशाच सच्छिद्र पदार्थांवर संशोधन केले. तरीही, या नोबेलमुळे तुमच्या चिठ्ठीवरची एकही गोळी बदललेली नाही. शोध मोठा असणे आणि तो उद्या सकाळी तुमच्या उपयोगाचा असणे, यात बरेच अंतर असते.

कधी अंदाज लवकर खरा ठरतो. संगणकाच्या मदतीने प्रथिनांची रचना ओळखणारे डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना २०२३ मध्ये लास्कर आणि २०२४ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. कधी फार उशीर होतो. लिथियम बॅटरीसाठी जॉन गुडइनफ यांना २०१९ मध्ये नोबेल मिळाले तेव्हा ते ९७ वर्षांचे होते.

चर्चेतले शोध आणि तुमच्यासाठी त्यांचा अर्थ

*१. साखर आणि वजनाची साप्ताहिक इंजेक्शने*

आपण जेवलो की आतड्यातून जीएलपी-१ नावाचे संप्रेरक बाहेर पडते. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला सांगते, जठर रिकामे होण्याचा वेग कमी करते आणि मेंदूला पोट भरल्याचा निरोप देते. अडचण अशी की शरीर ते काही मिनिटांतच तोडून टाकते. रसायनशास्त्रज्ञांनी या रेणूत थोडे बदल केले आणि त्याला मेदाम्लाची एक शेपटी जोडली. त्या शेपटीने औषध रक्तातल्या अल्ब्युमिन प्रथिनाला चिकटून राहते. आधी दिवसातून एकदा घ्यायचे लिराग्लुटाइड आले, मग आठवड्यातून एकदा घ्यायचे सेमाग्लुटाइड.

२०२४ चा लास्कर पुरस्कार यासाठी जोएल हेबनर, स्वेतलाना मोयसोव आणि लोट्टे ब्येरे नुडसेन यांना मिळाला. २०२५ च्या ब्रेकथ्रू पुरस्कारात मात्र डॅनियल ड्रकर आणि येन्स यूल होल्स्ट धरून पाच नावे होती. नोबेलमध्ये तीनच बसतात, ही इथली मोठी अडचण. मला विचाराल तर या कामाला नोबेल मिळण्याची शक्यता बरीच आहे, पण रसायनशास्त्रापेक्षा वैद्यकशास्त्राचे मिळेल असे वाटते.

तुमच्यासाठी अर्थ: औषध खरोखर चांगले आहे. टाइप २ मधुमेह, लठ्ठपणा आणि काही हृदयरुग्णांना त्याचा फायदा होतो. सेमाग्लुटाइडच्या भारतातील पेटंटची मुदत मार्च २०२६ मध्ये संपल्याने भारतीय कंपन्यांचा मार्गही मोकळा झाला. पण ते आपल्या मनाने सुरू करायचे नाही. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता नेहमीच्या. क्वचित स्वादुपिंडाला सूज येते किंवा पित्ताचे खडे होतात. साखर झपाट्याने उतरली तर आधीपासून खराब असलेला डोळ्याचा पडदा आणखी बिघडू शकतो. स्वतःला किंवा घरात कोणाला थायरॉइडचा मेड्युलरी प्रकारचा कर्करोग झाला असेल तर ते घेऊ नये. गरोदरपणात चालत नाही. शस्त्रक्रिया ठरली असेल तर भूलतज्ज्ञांना आधी सांगा. आणि इन्सुलिन चालू असेल तर ते किती आणि कधी कमी करायचे, हे डॉक्टरच ठरवतील.

*२. जनुकांची दुरुस्ती*

क्रिस्पर ही जनुकांत नेमक्या ठिकाणी काप देणारी पद्धत. २०१२ चा शोधनिबंध आणि २०२० मध्ये इमॅन्युएल शार्पेंतिए व जेनिफर डाउडना यांना रसायनशास्त्राचे नोबेल. हा अंदाज अनेकांनी आधीच वर्तवला होता. आता पुढच्या पायरीची चर्चा आहे. डीएनए न कापता त्यातले एखादे अक्षर बदलायची पद्धत डेव्हिड लिऊ यांच्या प्रयोगशाळेत विकसित झाली. २०२५ मध्ये फिलाडेल्फियात एका तान्ह्या बाळाच्या दुर्मीळ आजारावर केवळ त्याच्यासाठी तयार केलेला असा उपचार वापरला गेला.

तुमच्यासाठी अर्थ: महाराष्ट्रात हा विषय सिकलसेलच्या कुटुंबांचा आहे. गडचिरोली, चंद्रपूर, मेळघाट, नंदुरबार या भागांतून कामासाठी पुण्यात आलेली अशी कुटुंबे आमच्याकडेही येतात. सिकलसेलसाठी क्रिस्परवर आधारित पहिल्या उपचाराला ब्रिटन आणि अमेरिकेत २०२३ च्या अखेरीस मंजुरी मिळाली. त्यात पेशंटच्या मूळपेशी काढून, त्यात बदल करून, आधी जोरदार केमोथेरपी देऊन त्या परत सोडाव्या लागतात. अमेरिकेतली त्याची किंमत २२ लाख डॉलर. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या सीएसआयआरच्या जीनोमिक्स संस्थेने 'बिरसा १०१' हा देशी उपचार जाहीर केला आणि त्याचे तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपवण्याचा करार झाला. आशा धरण्यासारखी ही गोष्ट आहे. पण तिची वाट पाहत हायड्रॉक्सियुरिया थांबवू नका. ही स्वस्त गोळी, फॉलिक अॅसिड, लसी, भरपूर पाणी आणि ताप येताच दवाखाना, यांवर ते मूल आज सुरक्षित राहते. लग्नाआधी रक्ततपासणी करून घेण्यासाठी तर कोणत्याही पुरस्काराची वाट पाहायची गरज नाही.

*३. लस पेशीत पोचवणारे मेदाचे कण*

एमआरएनए लशीच्या शोधासाठी कॅटलिन कॅरिको आणि ड्रू वाइसमन यांना २०२३ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. पण तो नाजूक रेणू पेशीपर्यंत पोचवायला मेदाचे सूक्ष्म कण लागतात. ते बनवण्यात पीटर कलिस आणि इतर रसायनशास्त्रज्ञांचा मोठा वाटा आहे. त्यांचे नाव म्हणूनच रसायनशास्त्राच्या अंदाजांत येते. भारतातली पहिली एमआरएनए लस पुण्याच्या जिनोव्हा कंपनीने बनवली. तिला जून २०२२ मध्ये आपत्कालीन वापराची मंजुरी मिळाली.

तुमच्यासाठी अर्थ: कर्करोगावरच्या एमआरएनए लशींच्या चाचण्या जगात चालू आहेत. 'नोबेल तंत्रज्ञानाची कॅन्सर लस' म्हणून कोणी पैसे भरून नाव नोंदवायला सांगत असेल तर सावध राहा. नियमाने चालणाऱ्या चाचणीत प्रायोगिक औषधाचे पैसे पेशंटकडून घेत नाहीत. लेखी संमती घेतात आणि नैतिकता समितीची परवानगी दाखवतात.

*४. डीएनए झपाट्याने वाचण्याची पद्धत*

चेन्नईत जन्मलेले शंकर बालसुब्रमणियन आणि डेव्हिड क्लेनरमन यांनी केंब्रिजमध्ये ही पद्धत विकसित केली. दोघांना पास्कल मेयर यांच्यासह ब्रेकथ्रू पुरस्कार मिळाला आहे. रसायनशास्त्रासाठी माझा स्वतःचा कौल यालाच. डीएनए वाचण्याच्या जुन्या पद्धतीला १९८० मध्ये रसायनशास्त्राचेच नोबेल मिळाले होते, म्हणजे विषय अकादमीला परका नाही.

तुमच्यासाठी अर्थ: फुप्फुसाच्या किंवा स्तनाच्या कर्करोगात जनुकांची तपासणी करून कोणते औषध लागू पडेल हे ठरवतात. कर्करोगतज्ज्ञांनी सांगितली तर ती जरूर करा. 'तुमचे पुढचे सगळे आजार एका थुंकीत ओळखा' या पॅकेजला मात्र घाई करू नका.

*५. रक्ताच्या कर्करोगाची गोळी*

दीर्घकालीन मायलॉइड ल्युकेमियावरची इमॅटिनिब ही गोळी २००१ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. ब्रायन ड्रुकर, निकोलस लायडन आणि चार्ल्स सॉयर्स यांना २००९ मध्ये लास्कर मिळाला. तेव्हापासून त्यांची नावे दरवर्षी घेतली जातात. नोबेल अजून नाही. पण भारतातल्या पेशंटसाठी मोठी तारीख वेगळीच होती. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या औषधाच्या नव्या रूपाला पेटंट नाकारले आणि स्वस्त भारतीय गोळ्यांची वाट मोकळी राहिली. रोज एक गोळी घेऊन वर्षानुवर्षे नोकरी करणारे पेशंट आज आपल्यात आहेत. त्यांना मी एकच सांगतो, बरे वाटते म्हणून स्वतःहून खंड पाडू नका.

नोबेल न मिळालेली औषधे

आता तुमच्या घरातला औषधांचा डबा उघडा.

*मेटफॉर्मिन.* फ्रान्समध्ये जाँ स्टर्न यांनी १९५७ मध्ये मधुमेहासाठी वापरून दाखवले. नोबेल नाही.

*स्टॅटिन,* म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी. पहिले स्टॅटिन जपानच्या अकिरा एंडो यांनी एका बुरशीतून काढले. शरीर कोलेस्टेरॉल कसे हाताळते या संशोधनाला १९८५ मध्ये नोबेल मिळाले. एंडोंना मिळाले नाही. जून २०२४ मध्ये ते गेले, आणि आता मिळूही शकत नाही.

*ओआरएस.* १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ आली तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाच्या पाण्याने हजारो जीव वाचवले. नोबेल नाही. भारत सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिले.

*फॉलिक अॅसिड आणि हत्तीरोगाची डीईसी गोळी.* दोन्हींमागे आंध्रातून अमेरिकेत गेलेल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेचे काम आहे. ते १९४८ मध्ये गेले. नोबेल नाही.

*लिथियम.* येरवड्यात प्रादेशिक मनोरुग्णालय असल्याने हे नाव इथे अनेक घरांना ठाऊक आहे. मनाच्या टोकाच्या चढउतारांवर लिथियम उपयोगी पडते, हे ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड यांनी १९४९ मध्ये दाखवले. बॅटरीतल्या लिथियमला नोबेल मिळाले, गोळीतल्या लिथियमला नाही. तरीही ही गोळी एकदम बंद केली तर आजार उसळून येतो. तिची रक्तातली पातळी, थायरॉइड आणि मूत्रपिंडाची तपासणी ठरल्या वेळी करायचीच.

आणि इथे येरवड्याच्या तुरुंगात राहून गेलेल्या एका माणसाचे नाव शांततेच्या नोबेलसाठी पाच वेळा सुचवले गेले, तरी मिळाले नाही. गांधीजींचे मोठेपण त्याने उणे झाले नाही. औषधांचेही तसेच समजा.

नोबेल विजेता सांगतो म्हणजे खरे असते का?

प्रत्येक वेळी नाही. लायनस पॉलिंग यांना १९५४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले आणि ते अगदी योग्य होते. पुढे त्यांनी व्हिटॅमिन सीच्या मोठ्या डोसने सर्दी आणि कर्करोग दोन्हींना आळा बसतो असा जोरदार प्रचार केला. चाचण्यांत ते टिकले नाही. नेहमीच्या माणसाची सर्दी रोजच्या व्हिटॅमिन सीने टळत नाही, आणि फार मोठ्या डोसने मूतखड्याचा धोका वाढतो.

कॅरी म्युलिस यांना पीसीआर तपासणीच्या शोधासाठी १९९३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. तेच म्युलिस एचआयव्हीमुळे एड्स होतो हे मानत नव्हते. आज त्यांच्याच पीसीआरने एचआयव्हीच्या पेशंटच्या रक्तातला विषाणू मोजून औषध लागू पडते की नाही हे आम्ही ठरवतो.

पुरस्कार एका कामाला मिळतो. त्या माणसाच्या पुढच्या प्रत्येक मताला तो लागू होत नाही.

बातमी वाचल्यावर डॉक्टरांना विचारायचे पाच प्रश्न

१. हे औषध भारतात माझ्या आजारासाठी मंजूर आहे का?
२. माझ्यासारख्या वयाच्या आणि आजारांच्या माणसांवर ते तपासले गेले आहे का?
३. ते माझ्या चालू औषधाच्या जागी घ्यायचे की त्याच्या जोडीला?
४. महिन्याला खर्च किती, आणि मध्येच थांबवावे लागले तर काय होईल?
५. कोणता त्रास झाला तर वाट न पाहता यायचे?

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. काकूंच्या घरात तो विचारला गेला असता, किंवा मी फोनवर विचारला असता, तर रुग्णालयाची वेळ आली नसती.

वाट पाहू नका, लगेच रुग्णालयात जा

मधुमेहाच्या पेशंटने नवीन इंजेक्शन घेतल्यावर किंवा औषधात बदल केल्यावर यांपैकी काहीही झाले तर:

- वारंवार उलट्या, पाणीही न ठरणे
- जोरजोरात श्वास, तोंडाला फळासारखा वास, गुंगी
- साखर ३०० च्या वर आणि सोबत उलट्या किंवा पोटदुखी
- पोटात वरच्या बाजूला असह्य दुखून पाठीत कळ जाणे
- दरदरून घाम, थरथर, गोंधळलेले बोलणे. ही साखर उतरल्याची लक्षणे असू शकतात. शुद्धीवर असेल तर साखर किंवा गूळ द्या आणि निघा. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*नोबेल मिळाल्यावर औषध स्वस्त होते का?*
पुरस्काराचा किमतीशी थेट संबंध नाही. पेटंट संपणे, सरकारी खरेदी आणि स्पर्धा यांनी किंमत उतरते.

*जुने औषध म्हणजे कमी दर्जाचे औषध का?*
नाही. जुन्या औषधाचे फायदे-तोटे आपल्याला जास्त वर्षांच्या अनुभवातून माहीत असतात. ते लागू पडत नसेल किंवा सोसत नसेल, तर बदलायला डॉक्टर तयार असतातच.

*मग नोबेलच्या बातम्या वाचूच नयेत का?*
जरूर वाचा, मुलांनाही वाचून दाखवा. २००९ मध्ये वेंकटरमण रामकृष्णन यांना पेशीतल्या रायबोसोमच्या रचनेसाठी रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. अॅझिथ्रोमायसिनसारखी अँटिबायोटिक जंतूच्या रायबोसोमवरच काम करतात. हे कळले की जंतू नसलेल्या साध्या विषाणूजन्य सर्दीत ती गोळी का द्यायची नाही, हेही समजते. बातमीने समज वाढावी. गोळी मात्र तपासणीनंतर बदलावी.

येत्या ऑक्टोबरमध्ये नवी नावे येतील. त्यातले एखादे औषध तुमच्या उपयोगाचे वाटले तर बातमी मोबाईलमध्ये जपून ठेवा आणि चालू औषधांच्या चिठ्ठीसह पुढच्या भेटीला घेऊन या. काकूंचा मुलगा आता तसेच करतो. गेल्या भेटीत त्याने तीन बातम्या आणल्या होत्या. त्यातली एक मलाही नवीन होती. दोघांनी मिळून वाचली, आणि काकूंचे इन्सुलिन तसेच चालू ठेवले.

*हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय कोणतेही औषध सुरू, बंद किंवा कमी-जास्त करू नका.*